खाणीचा सीएसआर, गावची कमान आणि आटलेली विहीर

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

परवा गावाहून फोन आला. वडिलांचे शाळूसोबती, आमच्या घराला लागून घर. म्हणाले, "बापू, खाणीचं पत्र आलं हाय. ग्रामसेवक म्हणते प्रस्ताव द्या, सरपंच म्हणते कमान बांधू. आमाले काही समजून नाही राह्यलं. तू येऊन वाच." शनिवारी वणीला उतरलो, तिथून गावात.

पत्र साधंच, सीएसआरचं. 'कंपनीच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीतून आपल्या गावात घ्यावयाच्या कामांचे प्रस्ताव पंधरा दिवसांत सादर करावेत.' खाली उदाहरणंही तयार : प्रवेशद्वार, हायमास्ट दिवा, ओपन जिम, बसस्टॉपचा निवारा. म्हणजे आपण नुसती खूण करायची.

गावापासून खुली खाण आता किलोमीटरभरही उरलेली नाही. कंपनीचं नाव घेत नाही, वाद कंपनीशी नाही आणि मला कोर्टकचेरी करायची नाही. पण दोन गोष्टी बघून आलोय त्या सांगतो.

पहिली : ग्रामपंचायतीमागे निळा पत्र्याचा आरओ प्लांट. मार्च २०२१ ला फीत कापली. ५ रुपयांत २० लिटर, कार्ड लावायचं की पाणी. चौदा महिने झकास चालला. मग पाण्याला चव यायला लागली, मेंब्रेन (आतली गाळणी) बदलायचं म्हणे. बदलणारा माणूस नागपूरचा, त्याचा करार संपलेला. वीजबिल कोण भरणार यावर पंचायत आणि कंपनी यांची पत्रापत्री. आता कुलूप आहे. खिडकीतून डोकावलो तर आत पऱ्हाट्या रचलेल्या आणि फवारणीचे दोन पंप. बाहेरचा फलक मात्र लखलखीत. दर पंधरा ऑगस्टला कोणीतरी येऊन पुसून जातं.

दुसरी : आमची विहीर. आजोबांनी बांधलेली, ४५ फूट. लहानपणी भादव्यात काठावर पालथं पडून हाताने पाणी घेता यायचं. आता संक्रांतीला तळ दिसतो. मोटर खाली-खाली उतरवत नेली त्याच्या तीन खुणा भिंतीवर आहेत, गंजाचे तीन पट्टे. खालच्या कपारीत पारव्यांनी घरं केलीत.

माझे प्रश्न :
विहिरीचं काम सीएसआरमध्ये मागता येतं का? गावाने नक्की काय मागावं? की कमान घ्यावी आणि गप्प बसावं?

---

मस्करीमास्तर

कमान घ्याच. कमानीवर 'सुस्वागतम्', खाली कंपनीचं बोधचिन्ह, त्याखाली खासदार, आमदार, जि. प. सदस्य आणि 'यांच्या विशेष प्रयत्नातून'. पाहुणा कमानीतून आत आला की आधी विचारेल, पाणी मिळेल का? (हलके घ्या.)

---

ताळेबंद

पेशाने सीए, तीन-चार कंपन्यांच्या सीएसआर समित्यांची कागदपत्रं दरवर्षी हातातून जातात. थोडा कायदा सांगतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. लागू १ एप्रिल २०१४ पासून. नक्तमूल्य (नेट वर्थ) ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असलं तरी कंपनी कक्षेत येते. मग आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. इथे लोक एक गोष्ट विसरतात : हे नफ्यावर आहे. कंपनी तोट्यात गेली की तुमच्या गावाचा सीएसआरही गेला. खाण तेवढीच खोल जाते, धूळ तेवढीच उडते, पण २ टक्के कशाचे काढणार?

जवळच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कलमात लिहिलंय. पण मंत्रालयाने स्वतःच सांगून टाकलंय की ते मार्गदर्शक आहे, सक्तीचं नाही. त्यामुळे वणीच्या कोळशाचा पैसा मुंबईच्या मॅरेथॉनला गेला तरी कायदा मोडत नाही.

आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर. २०२१ च्या सुधारित नियमांत स्पष्ट आहे : दुसऱ्या कुठल्याही कायद्याने जे करणं कंपनीला बंधनकारकच आहे, ते सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. तेव्हा विहीर खाणीमुळे आटली असेल आणि तिची भरपाई दुसऱ्या कुठल्या कायद्यात किंवा परवान्यात बसत असेल, तर ती सीएसआरमध्ये मागणं म्हणजे जो आपलं देणं लागतो त्याच्याकडेच उसने मागण्यासारखं आहे.

---

अंगणवाडीतून

वाचते आहे. सीए साहेबांचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं.

मी चंद्रपूरकडची. आमच्याकडे शिलाई मशिनी वाटल्या होत्या, २८. मंडप, शाल-श्रीफळ, सगळं. २८ पैकी शिवता येत होतं तिघींना. उरलेल्यांना आठ दिवसांचं शिक्षण, त्यात चार दिवस वीज नव्हती. सहा महिन्यांनी बघितलं तर मशिनीवर टीव्ही ठेवलेले, दोन-तीन विकलेल्या. एक बाई मात्र अजून चालवते. तिला जिल्हा परिषदेच्या शाळेचे गणवेश बचत गटामार्फत मिळाले म्हणून. मशीन मिळाली म्हणून तिचं चालत नाही, काम मिळालं म्हणून चालतं. वाटणाऱ्यांना हा फरक कळत असेल, पण फोटो मशीनचाच निघतो, कामाचा निघत नाही.

आणि एक. कोणी बायकांना विचारलं असतं, तर आम्ही मशीन मागितलीच नसती. ज्या रस्त्याने मुलं शाळेत येतात त्याच रस्त्याने कोळशाचे हायवा ट्रक जातात. सकाळी साडेसहा ते साडेसात एवढा एक तास गाड्या थांबवा, एवढंच मागितलं असतं. त्याला पैसेही लागत नाहीत. म्हणूनच बहुतेक होत नाही. ज्याला खर्च नाही त्याचा फलक कसा लावणार?

---

निवृत्त_सर्व्हेअर

बराच वेळ गप्प बसून वाचत होतो. आता कंपनीच्या बाजूने दोन शब्द. ३४ वर्षं कोळसा खाणीत सर्व्हेअर होतो. कोणत्या ते राहू द्या.

आधी तुमच्या गावाचंच सांगतो, म्हणजे तुमच्या गावासारख्या गावांचं. कमान कंपनीच्या डोक्यातून येत नाही हो! मी स्वतः प्रस्ताव घ्यायला गेलोय. सरपंच म्हणतो कमान, विरोधक म्हणतो सभागृह, तिसरा म्हणतो मंदिराला फरशी. पाणी कोणीच म्हणत नाही, कारण पाण्याला उद्घाटनानंतर रोज कोणीतरी लागतं. आरओ बंद पडला त्यात निम्मा दोष पंचायतीचा. वर्षाचं वीजबिल भरायचं ठरलं होतं की नाही ते आधी कागदात बघा.

दुसरं, खाणीवरच्या मॅनेजरच्या हातात काय असतं? टँकर, पाण्याची फवारणी, एखादा जेसीबी. सीएसआरचा पैसा मुख्यालयात बसतो. गावकरी येऊन मॅनेजरला घेराव घालतात, तो बिचारा वरती पत्र पाठवतो. वरून ओपन जिम येतं.

आता विहिरीचं. खुली खाण म्हणजे एक मोठी विहीरच. तळाला खड्डा करतो त्याला आम्ही सम्प म्हणतो. सगळं झिरपलेलं पाणी तिथे येतं आणि पंप ते चोवीस तास उपसत राहतात. खाण तुमच्या विहिरीपेक्षा खोल गेली की भूजल तिकडे वाहणार. यात काही गुपित नाही, शाळेतलं विज्ञान आहे. आणि म्हणूनच पर्यावरण मंजुरीच्या पत्रात अट असते. कोळशाच्या बहुतेक मंजुऱ्यांत सारख्याच शब्दांत : खाणीतला पाण्याचा उपसा होऊन गावच्या विहिरी आटल्या तर गावाची पाण्याची गरज प्रकल्पाने भागवायची. शिवाय भोवतालच्या विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची : पावसाळ्याआधी, ऑगस्टमध्ये, नोव्हेंबरमध्ये आणि जानेवारीत.

मंजुरीचं पत्र कंपनीच्या संकेतस्थळावर असतं. सहामाही अनुपालन अहवालही असतो, १ जून आणि १ डिसेंबरचा. काढा आणि बघा. मी कंपनीचा माणूस होतो, पण मोजमाप करणाऱ्याने मोजमापाशी बेइमानी करायची नसते.

---

डिचोलकार

निवृत्त काकांना दंडवत. कोळशाचं ठाऊक नाही, पण लोहखनिजाचं आमच्या अंगणातलं आहे. गोव्यात, डिचोली तालुका.

२००३ ते २०१२ हा काळ आठवा. चीनला माल जात होता, एका वर्षी राज्यातून पाच कोटी टनांच्या आसपास. त्या दिवसांत गावात काय नव्हतं? जत्रेला देणगी, भजनी मंडळाला पेटी, शाळेला बस, क्लबला फुटबॉल, आणि विहीर आटली की दारात टँकर. खाणीवरच्या साहेबाला लोक 'पात्रांव' म्हणायचे, मालक म्हणून नाही, अगदी प्रेमाने. शेतात लाल गाळ आला तर वर्षाला नुकसानभरपाई. शेत पिकवण्यापेक्षा भरपाई बरी, असं म्हणणारे माझ्याच घरात होते. आम्ही ट्रकही घेतला होता.

मग २०१२. बेकायदा खाणकाम तपासणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरमध्ये राज्याने खाणी थांबवल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने. २०१४ मध्ये २ कोटी टनांची मर्यादा घालून पुन्हा परवानगी, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचं दुसरं नूतनीकरणच रद्द. मार्चच्या मध्याला सगळं ठप्प. ट्रक अंगणात, टायरवर पावसाळी शेवाळ.

आणि खाण बंद झाली तसा टँकरही बंद झाला. विहीर मात्र तशीच कोरडी. तेव्हा आम्हाला कळलं की ते पाणी आमचं नव्हतंच, साहेबाच्या मर्जीचं होतं. दहा वर्षं मिळालं म्हणून कोणी लिहून घेतलं नव्हतं. मागणार कोणाकडे? सगळी गेटं बंद, वॉचमन एकटा.

२०१४ च्या त्याच निकालात एक चांगली गोष्ट होती. खनिजाच्या विक्रीमूल्याच्या १० टक्के रक्कम कायमस्वरूपी निधीत टाकायची, पुढच्या पिढ्यांसाठी. नफ्याच्या नव्हे, विक्रीच्या. ताळेबंद साहेब, हा फरक तुम्हीच सांगा.

आणि सोनशी विसरू नका. २०१७ मध्ये सत्तरी तालुक्यातल्या त्या वाड्यावरच्या लोकांनी धूळ आणि पाण्यासाठी ट्रक अडवले, तर चाळीसहून अधिक जणांना तुरुंगात बसवलं. त्यात बायकाही होत्या.

---

विकासवादी_पुणेकर

धागा नेहमीच्या वळणावर चाललाय. प्रत्येकाला २४ तास वीज हवी, एसी हवा, मोबाइल चार्ज हवा आणि खाण मात्र दुसऱ्याच्या गावात हवी. कोळसा नसता तर हा धागा वाचायलाही वीज नसती. जमिनीचा मोबदला मिळाला, नोकऱ्या मिळाल्या, तरी रड आहेच. कंपनी म्हणजे धर्मशाळा आहे का?

---

पैनगंगाकाठ

@विकासवादी_पुणेकर : खाण दुसऱ्याच्या गावात हवी असं मी म्हटलेलं नाही. ती आमच्याच गावात आहे.

मोबदल्याचंही सांगतो. आमच्याकडे कोळसा धारण क्षेत्र कायद्याने, १९५७ च्या, जमीन जाते. लोक 'सेक्शन लागला' म्हणतात. सेक्शन चार लागला, सात लागला, नऊ लागला, असं एकेक लागत जातं आणि अकराला जमीन कंपनीची. दोन एकरांमागे एक नोकरी. ज्यांचं दोन एकर गेलं ते सुटले, त्यांची मुलं आज डंपर चालवतात, चांगलं आहे, मला आनंद आहे. प्रश्न ज्यांची जमीन गेलीच नाही त्यांचा आहे. खाणीच्या कडेला उरलेल्यांचा. त्यांना मोबदला नाही, नोकरी नाही, फक्त धूळ, दुपारचं ब्लास्टिंग आणि कोरडी विहीर. सीएसआरचं पत्र यांनाच येतं. धर्मशाळा कोणी मागितली नाही, विहीर मागतोय.

@निवृत्त_सर्व्हेअर काका, वीजबिलाचा कागद शोधला. तुमचं खरं निघालं. ठरावात 'देखभाल ग्रामपंचायत करेल' असं लिहून दिलंय. त्यावर सही कोणाची हे इथे सांगत नाही, घरात भांडण होईल.

---

ताळेबंद

@डिचोलकार : फरक फार मोठा आहे. नफा म्हणजे सगळे खर्च, व्याज, घसारा वजा जाता जे उरेल ते. ते कमी दाखवायला माझ्यासारखी माणसं पगारावर असतात. विक्री लपवता येत नाही एवढी सहज. खनिज जमिनीतून निघालं, वजनकाट्यावर गेलं, संपलं.

आणि याच कारणासाठी पैनगंगाकाठ यांनी सीएसआर विसरून दुसऱ्या एका पैशाकडे बघावं. जिल्हा खनिज प्रतिष्ठान. २०१५ साली खाण कायद्यात दुरुस्ती होऊन आलं, कलम ९ ब. १२ जानेवारी २०१५ च्या आधीच्या पट्ट्यांना स्वामित्वधनाच्या, म्हणजे रॉयल्टीच्या, ३० टक्के. लिलावाने दिलेल्यांना १० टक्के. हे रॉयल्टीशिवाय वेगळे द्यायचे. त्याच सप्टेंबरात पंतप्रधान खनिज क्षेत्र कल्याण योजना आली, तिच्या नियमांनी हा पैसा खर्च होतो.

आकडा करून दाखवतो, नुसता समजायला. कोळशाची रॉयल्टी किमतीच्या १४ टक्के. टनाला १५०० रुपये भाव धरा. रॉयल्टी २१० रुपये. तिचे ३० टक्के, ६३ रुपये. एका हायवात ३० टन धरले तर एका गाडीमागे १८९० रुपये जिल्ह्याच्या निधीत. तुमच्या गावासमोरून दिवसाला किती गाड्या जातात? गुणाकार तुम्हीच करा आणि मग त्या कमानीची किंमत बघा.

हे कंपनीचं दान नाही, त्यात कंपनीचं काही नाही. फलकावर तिचं नाव येण्याचं कारण नाही. प्रतिष्ठानचा अध्यक्ष जिल्हाधिकारी, २०२१ पासून केंद्राने तसं पक्कं केलं. आधी कुठे पालकमंत्री, कुठे आणखी कोणी. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांत खाणीपासून १५ किलोमीटरचा भाग थेट बाधित धरलाय, आणि किमान ७० टक्के खर्च पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवर. तुम्ही किलोमीटरभरावर आहात.

---

मस्करीमास्तर

म्हणजे गावासमोरून रोज लक्ष्मी जाते आणि गाव कमानीखाली उभं राहून तिला हात जोडतं. आता हलके घेऊ नका.

---

जिल्ह्याची_खिडकी

सरकारी नोकरीत आहे, म्हणून जपून लिहितो. ताळेबंद यांनी लिहिलेलं बरोबर, पण तो पैसा सहज मिळतो असा कोणाचा समज होऊ नये. बाधित गावांच्या यादीत नाव आहे का, हे आधी बघा. ग्रामसभेचा ठराव नीट पाहिजे. आमच्याकडे येणारे ठराव वाचले तर रडू येतं : 'गावात विकास व्हावा.' कशाचा, कुठे, किती? अंदाजपत्रक नाही, गट क्रमांक नाही. मग ज्याचे कागद तयार असतात ते काम पुढे जातं, आणि तयार कागद कंत्राटदाराकडे असतो. त्याला रस्ता हवा असतो, सभागृह हवं असतं. विहीर खोल करण्यात कोणाला काय मिळणार?

शिवाय जिल्ह्याच्या मुख्य गावातली कामंही याच निधीकडे बघत असतात. मार्च २०२० मध्ये कोविडसाठी शिल्लक निधीतले ३० टक्क्यांपर्यंत वापरायला केंद्राने मुभा दिली, तेव्हा ते गरजेचंच होतं. पण तेव्हापासून 'खनिज निधीतून करू' हे वाक्य प्रत्येक बैठकीत ऐकू येतं.

---

पर्थहून_राम_राम

सातारचा, गेली अकरा वर्षं पश्चिम ऑस्ट्रेलियात लोहखनिजात. इथलं एक उदाहरण, कारण 'कायद्यात बसतं' हा शब्द वर आला.

मे २०२० मध्ये पिलबारात रिओ टिंटो या खाण कंपनीने खाण वाढवताना जुकान खिंडीतले शैलाश्रय सुरुंग लावून उडवले. माणसाच्या वस्तीच्या खुणा ४६ हजार वर्षं जुन्या. तिथले मूळ रहिवासी पुटू कुंटी कुर्रामा आणि पिनिकुरा. उडवायची सरकारी परवानगी २०१३ पासून हातात होती, कायदा कुठेही मोडला नाही. कंपनीकडे समुदाय संबंधांचा स्वतंत्र विभाग होता, करार होते, पैसे जात होते. सप्टेंबरमध्ये मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला पायउतार व्हायला लागलं.

त्यानंतर आमच्याकडे सकाळच्या बैठकीत एक प्रश्न वाढला. परवानगी आहे का, हा जुना. 'तिथल्या लोकांना आज विचारलं का', हा नवा. प्रत्येक वेळी विचारतातच असं नाही. पण आता न विचारण्याची भीती वाटते, कारण एका खुर्चीची किंमत सगळ्यांनी पाहिलीय.

---

सह्याद्री_वारा

आपल्याकडे विचारलं तर काय होतं तेही आहे. नियमगिरी, ओडिशातला डोंगर, तिथे बॉक्साइटची खाण होणार होती. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, ग्रामसभांना विचारा. ओडिशातल्या १२ ग्रामसभांना विचारलं, बाराही नाही म्हणाल्या. डोंगर राहिला.

अवांतर : २०११ च्या खाण विधेयकात कोळसा कंपन्यांनी नफ्याच्या २६ टक्के बाधितांना द्यावेत असं होतं. ते विधेयक २०१४ ला लोकसभेबरोबर मावळलं. २६ पासून निघालेली गाडी रॉयल्टीच्या ३० टक्क्यांवर थांबली. ऐकायला आकडा मोठा झाला.

---

पैनगंगाकाठ

काकांनी सांगितल्याप्रमाणे मंजुरीचं पत्र आणि अहवाल उतरवून घेतले. काल रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसलो. बायको म्हणाली, कादंबरी आहे का?

अट आहे. जवळजवळ काकांच्याच शब्दांत. विहिरी आटल्या तर गावाला पाणी प्रकल्पाने द्यायचं.

आणि तिच्यासमोर सहामाही अहवालात काय लिहिलंय? 'पूर्तता केली. गावात आरओ संयंत्र उभारले आहे.' सोबत फोटो. आमचाच निळा पत्रा, आमचाच फलक. फोटोत दार उघडं आहे, नळाखाली एक बाई कॅन धरून उभी. ती माझी चुलती. फोटो उद्घाटनाच्या दिवसाचा, कारण तिने नवं लुगडं नेसलंय. चार वर्षं दर सहा महिन्यांनी तोच फोटो.

मग कंपनीचा त्या वर्षाचा वार्षिक अहवाल काढला. सीएसआरच्या तक्त्यात 'सुरक्षित पेयजल' या मथळ्याखाली गावाचं नाव आणि तेच संयंत्र.

@ताळेबंद, मला जे वाटतंय तेच आहे का हे?

---

ताळेबंद

तेच आहे. एकच रुपया दोन खिशांत दाखवलाय. अट पूर्ण केली म्हणायचं असेल तर तो सीएसआर नाही, कारण ते बंधनकारक काम झालं. सीएसआर म्हणायचं असेल तर अट अजून अपूर्ण आहे, आणि बंद प्लांटने तर ती पूर्ण होतच नाही. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही.

बातमी करू नका, वकीलही लगेच गाठू नका. ग्रामसभेच्या ठरावात दोन्ही पानांचे क्रमांक लिहा आणि नम्रपणे विचारा : यातलं नक्की कोणतं? प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि पर्यावरण मंत्रालयाच्या नागपूरच्या विभागीय कार्यालयाला. माझ्या अनुभवात कंपन्या आरोपाला घाबरत नाहीत, प्रश्नाला उत्तर द्यायला लागेल याला घाबरतात.

---

निवृत्त_सर्व्हेअर

फोटोचं वाचून वाईट वाटलं. आश्चर्य वाटलं असं म्हणणार नाही. अहवाल तयार करणारा पोरगा खाणीत नवा असतो, मागच्याची प्रत काढून तारीख बदलतो.

आता कामाचं. तुमच्याकडे स्वतःचं माप पाहिजे. 'विहीर आटली' याला अधिकारी म्हणेल, पाऊस कमी झाला. म्हणून सुती दोरी नको, ती ओली झाली की आखडते. फायबरचा टेप घ्या, टोकाला वजन. काठावर एक जागा रंगाने पक्की करा, दर वेळी तिथूनच मोजा. मोटर बंद करून निदान रात्रभर थांबा, सकाळी मोजा, नाहीतर उपशाने खाली गेलेली पातळी येईल. तारीख, वेळ, माप, मोजणाऱ्याची सही. गावातल्या पाच विहिरी घ्या, खाणीपासून वेगवेगळ्या अंतरावरच्या. लांबची विहीर भरलेली आणि जवळची रिकामी निघाली, तर पावसावर ढकलता येणार नाही.

आणि चंद्रपूरजवळचं घुग्घुस लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२२ मध्ये आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण. खालचं मोजमाप कोणाकडे नसलं की वरचा माणूस नशिबावर राहतो.

---

अंगणवाडीतून

पैनगंगाकाठ, त्या फोटोतल्या चुलतीला विचारलंत का, आता पाणी कुठून आणते ते? ठरावात तेही लिहा. किती वेळ लागतो, किती फेऱ्या. आणि ठराव सांगायला तिलाच उभं करा.

---

पैनगंगाकाठ

विचारलं. दोन वाड्या सोडून एका बोअरवेलवरून. सकाळी चार फेऱ्या, संध्याकाळी तीन. ठरावात टाकलं.

विशेष ग्रामसभा बोलावली होती. गणपूर्ती झाली नाही, १०० माणसं पाहिजेत, जमली ६१. सोयाबीनचा भाव पडलेला, कापूस वेचणीला आलेला, कोण येणार? तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, ती परवा झाली. ३८ जण. चुलती बोलली. पहिल्यांदाच बोलली, डोक्यावरचा पदर दातात धरून, आणि दीड मिनिटात संपवलं : "मोटर तीनदा खाली उतरवली. आता खाली काय हाय उतराले? तुमी सांगा."

तीन ठराव झाले. पहिला कंपनीला प्रश्न, दोन्ही पानांच्या क्रमांकांसह. दुसरा खनिज प्रतिष्ठानकडे, पाणीपुरवठ्यासाठी, अंदाजपत्रकासह. जिल्ह्याची_खिडकी, तुम्ही सांगितल्याप्रमाणे लिहिला, आभार. तिसरा ठराव अंगणवाडीतून ताईंचा, शाळेच्या वेळी एक तास गाड्या थांबवण्याचा. त्याला सर्वात जास्त हात वर गेले.

आणि चौथाही झाला. सीएसआरमधून कमान. सरपंच म्हणाले, "पाण्याचं होईल तवा होईल, कमान तर येऊ द्या." कोणी विरोध केला नाही. मीही नाही.

काल सकाळी पोरांबरोबर पाच विहिरी मोजल्या. काकांनी सांगितल्याप्रमाणे फायबरचा टेप, टोकाला तराजूतलं अर्ध्या किलोचं माप बांधलं. रंग घरात फक्त निळा होता, आरओच्या पत्र्याला उरलेला. आमच्या विहिरीची नोंद : १२ नोव्हेंबर, सकाळी ७ वाजता, काठापासून ३१ फूट ४ इंच. पारवे उडाले तेव्हा टेप हलला, म्हणून दोनदा मोजलं.

पुढचं माप जानेवारीत टाकतो.